काचेवरचा शब्द

ट्रक विकायला आलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, याबद्दल जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याची मतं पक्की होती. कोणी हळहळतं, कोणी बॉनेटवरून हात फिरवतं, कोणी उगाच घासाघीस करून मनाची समजूत घालतं. काचवाला यातलं काहीच करेना. त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. व्यापाऱ्याला वाटलं, गडी मुरलेला दिसतोय, भाव वाढवून घ्यायला गप्प बसलाय. म्हणून त्याने आपणहून थोडं वाढवून सांगितलं. गप्प बसण्याचा फायदा काचवाल्याला आयुष्यात पहिल्यांदाच झाला, आणि तो झाल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

ट्रक अडीच वर्षांचा होता, पांढरा, आणि त्याचे निम्मे हप्ते अजून बाकी होते. बदल्यात मिळणारी एसयूव्ही अकरा वर्षांची, तपकिरी, मागच्या दाराला पोचा आलेली. ट्रकच्या किमतीतून राहिलेलं कर्ज फिटत होतं आणि वर उरत होतं त्यात ही गाडी येत होती. ना देणं ना घेणं. काचवाल्याने एसयूव्हीला एक चक्कर मारली आणि बोटाच्या पेराने पुढची काच ठोकून बघितली. इंजीन त्याने उघडूनही पाहिलं नाही. "काच बदललेली आहे," तो म्हणाला. व्यापारी म्हणाला, "गाडी पण बघा की." "बघितली," काचवाला म्हणाला.

ही ठोकायची खोड सव्वीस वर्षांची. इतर लोक काचेतून बघतात, हा काचेकडे बघायचा. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा सासरी गेला, तेव्हा बसायच्या आधी त्याने तिथल्या कपाटाची काच ठोकली आणि म्हणाला, "चारच मिलिमीटर आहे, जपा." सासूबाईंना वाटलं, जावयाचा कपाटावर डोळा आहे. त्यांनी ते घाईघाईने आतल्या खोलीत हलवलं. हलवताना काच फुटली, आणि जावयाने ती फुकट बसवून दिली, तेव्हा कुठे गैरसमज मिटला. त्या वेळी काच धरायला पुढे आला तो बायकोचा धाकटा भाऊ. ताडमाड उंच, डावखुरा, हसरा. त्याला सगळे लंबू म्हणत. दोन महिने करून बघतो म्हणून तो काचवाल्याबरोबर कामाला आला आणि चौदा वर्षं राहिला.

जोडी मजेदार होती. काचवाला बुटका आणि लंबू लंबू. काच सरळ राहावी म्हणून लंबूला कायम गुडघ्यात वाकून चालावं लागे. "दाजी, तुमच्या पायी माझी उंची कमी झाली," असं तो निदान रोज एकदा म्हणे. पण एक उजवा आणि एक डावखुरा, त्यामुळे काचेच्या दोन्ही कडांना जोराचा हात यायचा. अशी जोडी शोधून सापडत नाही, असं उस्ताद एकदा म्हणाले होते, आणि उस्ताद कोणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते.

काचवाला ज्यांच्या हाताखाली शिकला ते हे उस्ताद. दोघांनी मिळून काच न्यायची म्हणजे सगळा खेळ शेवटच्या क्षणाचा. उचलताना माणूस सावध असतो. ठेवताना 'झालं एकदाचं' असं वाटतं आणि तिथेच घात होतो. म्हणून उस्तादांनी पहिल्या दिवशी त्याला दोन शब्द शिकवले. ज्याला हात काढायचा असेल त्याने विचारायचं, "सोडू?" समोरच्याने आपली बाजू पक्की टेकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि उघडलं तर उत्तर एकच, "सोड." 'हो' नाही, 'हं' नाही, 'चालेल' नाही. "हो तर माणूस झोपेतही म्हणतो," उस्ताद म्हणायचे. "सोड म्हणायला जागं असावं लागतं." आणि काच हातात असेपर्यंत तिसऱ्याशी बोलायचं नाही, मग समोर खुद्द घरमालक उभा असला तरी.

उस्तादांचं बरोबर होतं, पण उस्तादांच्या काळी फोन भिंतीला टांगलेला असायचा.

मोठ्या दुकानांच्या मोठ्या काचांची कामं मिळायला लागली, तेव्हा काचवाल्याने तो ट्रक घेतला. हप्त्यांना लंबू जामीन राहिला. सही करताना म्हणाला, "दाजी, माझ्या नावावर आजवर कोणी चहासुद्धा उधार दिला नव्हता." ट्रकच्या पाठीवर काच उभी ठेवायचा तिरका लोखंडी सांगाडा होता, त्याला ते घोडा म्हणत. पुढे एकच सलग सीट होती. दोघं खांद्याला खांदा लावून बसायचे आणि लंबूचे गुडघे समोर आदळायचे. ट्रकबरोबर शोरूमने एक भेट दिली होती, कानात अडकवायचा छोटा फोन. घंटा वाजली की तो आपोआप उचलला जायचा. काचवाल्याला त्याचं भारी अप्रूप. कान दुखायला लागेपर्यंत तो काढत नसे.

चार महिन्यांपूर्वी, एका कपड्यांच्या दुकानाची दर्शनी काच बसवायची होती. दोन मीटर लांब, दहा मिलिमीटर जाड. काचवाला आतल्या बाजूला, लंबू बाहेर. काच चौकटीत उतरत होती आणि काचवाल्याची कड अजून टेकायची होती. तेवढ्यात कानात बायको बोलू लागली. ती तेव्हा गाडी चालवायला शिकत होती, चार धडे झाले होते. "क्लासचे पैसे भरायची आज शेवटची तारीख आहे," ती म्हणाली. "या महिन्यात ओढाताण आहे. सोडू का?"

एका कानात बायको, दुसऱ्या कानात मेहुणा, आणि दोघांचा प्रश्न एकच. त्याला ऐकू आला तो बायकोचा. "सोड," तो म्हणाला.

लंबूने सोडलं.

पुढचं सगळं भराभर झालं आणि ते सांगण्यात काही अर्थ नाही. एक पातळ तुकडा लंबूच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूने गेला. दवाखान्यात दुकानाच्या कामावरचा मुकादम धावत आला. त्याला कोणाला तरी उत्तर द्यायचं होतं. त्याने विचारलं, "तुम्ही 'सोड' म्हणालात का?" आणि काचवाला म्हणाला, "नाही. मी काही बोललोच नाही."

हे त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. शिंक यावी तसं ते बाहेर पडलं. बाजूला स्ट्रेचरवर लंबू होता, पांढराफटक. तो म्हणाला, "मला वाटलं, म्हणाले." मग थोड्या वेळाने, "भास झाला असेल मला." तोपर्यंत बायकोही येऊन पोचली होती. पदर खोचलेला, पायात दोन वेगळ्या चपला. तिने हे ऐकलं आणि नवऱ्याकडे बघत राहिली. भावाच्या काळजीने बघतेय, असं तो धरून चालला.

डॉक्टर म्हणाले, बोटांना जाणीव पोचवणारी नस कापली गेली होती, जोडली आहे. वाढली तर दिवसाला एक मिलिमीटर वाढते. मिलिमीटर म्हटल्यावर काचवाल्याने खिशातली टेप काढली आणि तिथेच उभ्या उभ्या स्वतःच्या मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. एकशे पंच्याऐंशी. डॉक्टरांना हा माणूस विचित्र वाटला असणार.

तेव्हापासून काचवाल्याला काही वाटेनासं झालं. म्हणजे जेवायचा, झोपायचा, कोणी विनोद केला तर वेळेवर हसायचा. पण जेवणात मीठ नव्हतं हे तो पहिल्यांदा बायकोच्या तोंडून ऐकायचा. दर मंगळवारी लंबूला घेऊन दवाखान्यात जायचा. तिथली बाई सुईने लंबूचा तळहात टोचत जायची आणि कुठपर्यंत कळतंय ते विचारायची. मुंग्या तळहाताच्या मध्यापर्यंत आल्या होत्या, बोटं अजून मेलेलीच. लंबूने एकदा चहाचा गरम कप डाव्या हातात धरला आणि कातडी लाल झाल्यावर त्याला दिसलं. तो हसला. काचवाल्याने कप घेतला, फुंकून उजव्या हातात दिला, आणि आत काही हललं नाही.

मग एका मंगळवारी लंबू म्हणाला, "दाजी, मी कान तपासून आलो."

"कशाला?"

"न म्हटलेलं ऐकू येतं म्हणजे काहीतरी बिघाड असणार ना. तर म्हणे कान उत्तम आहेत. मग डोक्यातच काहीतरी असेल."

"हं," काचवाला म्हणाला.

त्याने दुसऱ्यांबरोबर काम करून बघितलं होतं. पहिला गडी चांगला होता, ताकदीचा. काच चौकटीत बसली, गड्याने विचारलं, "सोडू?" आणि काचवाल्याच्या तोंडून शब्द येईना. काच टेकलेली दिसत होती, आठ दिवस बघितलं असतं तरी टेकलेलीच दिसली असती. गडी काच धरून उभा. "अहो, सोडू का?" शेवटी दुकानदाराने येऊन दोघांना बघितलं आणि त्यानेच सांगितलं, "सोडा की." दुसऱ्या गड्याबरोबरही तेच. तिसरा शोधला नाही. त्याने काच-आरशांच्या एका दुकानात नोकरी धरली, फोटोंच्या काचा कापायच्या, एकट्याने. एवढ्याशा काचा पिशवीत मावतात. घोडा लावलेला ट्रक घरासमोर उभा राहायचा आणि दर महिन्याच्या पाच तारखेला, हप्ता भरताना, त्याची आठवण यायची. म्हणून हा सौदा.

सौदा झाला, पण अडलं सहीपाशी. कर्ज बंद करायच्या कागदावर जामीनदाराची सही लागत होती, म्हणून लंबूला बरोबर आणलं होतं. कागदपत्रं बघणाऱ्या बाई आतल्या छोट्या खोलीत बसत. चष्मा साखळीला, टेबलावर रबरी शिक्क्यांची रांग. लंबूने उजव्या हातात पेन धरलं आणि जीभ बाहेर काढून सही केली. बाईंनी जुना कागद शेजारी धरला.

"ही तुमचीच सही आहे?"

"माझीच आहे, पण हात दुसरा आहे," लंबू म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खणातून एक फॉर्म काढला. "सही बदलल्याचं कारण लिहावं लागेल. नुसतं 'अपघात' लिहू नका, वरून परत येतं. कसा झाला ते दोन ओळींत लिहा, आणि खाली दोघांच्या सह्या."

"मला लिहायला जमायचं नाही," लंबू म्हणाला. "दाजी, तुम्हीच लिहा. मी सांगतो." त्याने खुर्चीत पाठ टेकली आणि छताकडे बघत सांगायला सुरुवात केली. हे वाक्य त्याच्या डोक्यात तयारच होतं, अनेकदा घोटलेलं. "लिहा. काच ठेवताना समोरच्याने... काही न म्हणताच मी हात सोडला. ऐकण्यात माझी चूक झाली."

काचवाल्याने लिहिलं, 'काच ठेवताना समोरच्याने'. अक्षर चांगलं होतं त्याचं, पाट्या रंगवणाऱ्यासारखं. तिथे पेन थांबलं. पुढचा शब्द लंबूने सांगितलेला होता, फक्त उतरवायचा होता. बाई शिक्का शाईत दाबून वाट बघत होत्या. बाहेर व्यापारी कोणाला तरी सांगत होता की या गाडीने आजवर दगा दिलेला नाही. काचवाल्याच्या मनात कसलंही वादळबिदळ नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की हे वाक्य इथून दोनच दिशांनी जाऊ शकतं आणि त्यातली एक त्याला लिहिता येत नाहीये. हात त्या बाजूला वळतच नव्हता. मग त्याने दुसऱ्या बाजूने लिहिलं आणि कागद बाईंकडे सरकवला.

बाईंनी नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं. "काच ठेवताना समोरच्याने 'सोड' म्हटलं, म्हणून यांनी हात सोडला. तेव्हा समोरचा फोनवर बोलत होता. समोरचा म्हणजे मी." त्यांनी मान डोलावली. "चालेल. कारण स्पष्ट आहे. इथे सह्या करा."

लंबू छताकडेच बघत होता. मग त्याने पुढे वाकून सही केली, जीभ बाहेर न काढता. बाईंनी शिक्का मारला.

आवारात आल्यावर लंबू म्हणाला, "म्हणजे म्हणाला होतात."

"हो."

"म्हणजे कान ठीक आहेत माझे."

"हो."

तो एसयूव्हीपर्यंत चालत गेला. ट्रकच्या घोड्यावर कोणीतरी आधीच चिंध्या वाळत टाकल्या होत्या. "फोन कोणाचा होता?" त्याने विचारलं.

काचवाला बायकोचं नाव घेणार नव्हता. "कामाचा," तो म्हणाला.

लंबूने उजव्या हाताने मागचं दार उघडलं आणि तो मागे बसला. चौदा वर्षांत तो कधीच मागे बसला नव्हता. ट्रकला मागे नव्हतंच, त्याआधीच्या टेंपोलाही नव्हतं. काचवाला पुढच्या रिकाम्या सीटशेजारी बसला आणि गाडी सुरू केली.

काचवाला गाडी चालवायचा ती काच घेऊन. वळण लांबून घ्यायचं, खड्डा दिसला की पायी चालावं तसा वेग, ब्रेक कधीही एकदम नाही. एसयूव्हीतही तो तसाच चालवत होता. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. एकजण खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काका, ढकलू का?" एरवी लंबूने त्याला असं काही ऐकवलं असतं की तो पुढच्या चौकापर्यंत विचार करत राहिला असता. आज लंबू मागे गुडघे आवळून बसून होता.

घर आल्यावर तो उतरला आणि काचवाल्याच्या खिडकीशी आला. सवयीने तो वाकला, गुडघ्यात. "चार महिने मी स्वतःला वेडा समजत होतो, दाजी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "हाताचं जाऊ द्या. हात गेला असता तरी मी तुम्हाला काही म्हटलं नसतं. पुढच्या मंगळवारी मी बसने जाईन." मग सरळ उभा राहिला, पूर्ण उंचीचा, आणि गेला.

काचवाला स्वतःच्या घरी आला. बायको खिडकीत होती, ती खाली आली. गाडीभोवती फिरली, पोचा बघितला, आत डोकावली. "बरी आहे," ती म्हणाली. आणि त्याच आवाजात, "त्याला सांगितलंत?"

"काय?"

"तुम्ही म्हणाला होतात ते."

काचवाल्याने किल्ली काढली आणि परत लावली.

"फोन चालूच होता," ती म्हणाली. "मी 'बरं' म्हणेपर्यंत आवाज आला. सगळा आवाज ऐकला मी. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आज सांगाल, उद्या सांगाल. मग वाटलं, आपण तेव्हाच बोललो नाही, आता कोणत्या तोंडाने बोलायचं. मीच विचारलं ना तेव्हा. मी विचारलं सोडू का, त्याने विचारलं सोडू का. तुम्ही एकदा म्हणालात आणि दोघांनी सोडलं."

"आज सांगितलं," तो म्हणाला.

"फोन कोणाचा ते?"

"ते नाही सांगितलं. कामाचा म्हटलं."

 मग पुढचं दार उघडून ती बसली, घरातल्याच चपला, केसांना तेल लावलेलं तसंच. "चला," ती म्हणाली. "तो जेवायला बसायच्या आत पोचू. ते मी सांगते."

त्याने गाडी वळवली. पहिलं वळण त्याने लांबून घेतलं. मागून हॉर्न वाजला.

"हळू चालवताय," ती म्हणाली.

"सवय आहे."

"मागे काही नाहीये आता."

त्याने आरशात बघितलं. मागची सीट रिकामी होती. एका बाजूला, जिथे लंबू गुडघे आवळून बसला होता, तिथे कव्हर अजून दबलेलं होतं. तेव्हा काचवाल्याला रडू आलं, चार महिन्यांचं, तोंड वेडंवाकडं करून, लहान पोरासारखं. रस्ता दिसेना. बायकोने पदराने त्याचे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा.

"थांबवता का जरा?" तिने विचारलं. "मला चालवता आली असती तर मी घेतली असती."

त्याने मान हलवली आणि गाडी थांबवली नाही. लंबूचं घर अजून दोन वळणं पुढे होतं.